पोर्ट लुईची मंडई

परदेशाहून परत आलेल्या मनुष्यास भेटावयास येणारे लोक प्रथम विचारतात तें हें कीं, "तिकडे काय काय पाहिलेंत?" त्यावर राजवाडे, पुतळे, पदार्थसंग्रहालयें यांचीं नांवें घेतलीं म्हणजे विचारणाराचें समाधान होतें. तीन वर्षांपूर्वीं मी मॉरिशस बेटांत जाऊन आलों. तेव्हांपासून या प्रश्नास मी "तेथील भाजीमंडई पाहिली" असें उत्तर देऊं लागलों, आणि मास्तरांनीं उतारवयांत विनोद करावयास आरंभ केला असें पुष्कळांस वाटलें. परंतु तो विनोद नव्हता. छत्तीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. लढाया, तह आणि सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. मात्र ज्यांनीं एकहि तह केला नाहीं आणि एकहि पत्र मागें ठेवलें नाहीं, अशा माणसांचा इतिहास कोठें वाचावा, हा प्रश्न मला त्या मंडईंत पहिल्यानें पडला. आज तीच हकीकत आपणांस निवेदन करावयाची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पोर्ट लुई बंदरांत नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून हा प्रवास घडला. त्याच्या शेजारीं एक मराठी कुटुंब राहतें. मराठी म्हणजे आमच्यासारखें चार दिवसांसाठीं गेलेलें नव्हे; पांच पिढ्या त्या बेटावर नांदलेलें. घरचे यजमान तेथील शाळेंत मराठी शिकवितात. त्यांची मराठी थोडी पुस्तकी, पण शुद्ध. त्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. त्यांची नित्याची बोली मात्र क्रिओल, म्हणजे फ्रेंच मळेवाल्यांच्या अमलाखालीं आफ्रिकन गुलामांच्या तोंडीं तयार झालेली, आणि आज साऱ्या बेटाची झालेली भाषा.

मी रत्नागिरीकडचा आहें हें समजतांच यजमानांनीं कपाटांतून एक कागद काढला. मजुरांच्या सरकारी नोंदवहींतील एका पानाची ती नक्कल होती. त्यांचे मूळपुरुष १८५० नंतरच्या दशकांत मुंबईहून जहाजानें आले, त्यांची ती नोंद. अनुक्रमांक, नांव, बापाचें नांव, उंची, कपाळावर व्रण, जिल्हा रत्नागिरी. एवढें स्पष्ट होतें. गांवाच्या रकान्यांत मात्र इंग्रजी अक्षरांत 'कोंड' एवढेंच लागत होतें. पुढें शाईचा एक फराटा.

"गुरुजी, आपण तिकडचे आहांत. हें गांव कोणतें तें आपण सांगावें," यजमान म्हणाले. आजी कांहीं न बोलतां माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

कागद उजेडाकडे धरून मीं पुष्कळ निरखला. कोंकणांत कोंड म्हणजे वाडी, वस्ती. कोंडगांव आहे, कोंढें आहे, कोंडयें आहे. शिवाय त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यांत आजच्या सिंधुदुर्गाचाहि बराच भाग मोडत असे. तो वेगळा झाला १९८१ सालीं. "विचार करून उद्यां सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. यजमान म्हणाले, "उद्यां शनिवार. आम्ही सारीं मंडईला जाणार. आपणहि चलावें."

पोर्ट लुईची मुख्य मंडई बंदरापासून हांकेच्या अंतरावर आहे. तिच्या एका अंगास फार्कार रस्ता, दुसऱ्या अंगास क्वीन रस्ता. फार्कार हा बेटाचा पहिला इंग्रज गव्हर्नर. जुन्या लोखंडी फाटकावर व्हिक्टोरिया राणीच्या नांवाचीं अक्षरें आजहि दिसतात. आंत शिरतांच आपल्याकडील मंडईचाच गलका कानीं येतो, फक्त शब्द निराळे. भाजीचे ढीग, पाण्याचे शिंतोडे, घासाघीस, ओळखीच्या गिऱ्हाइकास पिशवींत टाकलेली चार मिरच्यांची भर, सर्व ओळखीचें. एका कोपऱ्यांत औषधी पाला विकणारे बसलेले. कोणत्या दुखण्यास कोणता काढा, हें ते गिऱ्हाइकास तोंडपाठ सांगतात. पैसे देतांना नोट हातीं घेतली तर तिच्यावर इंग्रजीबरोबर तमिळ लिपि आणि आपली देवनागरी. नाण्याचें नांव रुपया. कारण १८७६-७७ पासून हिंदुस्थानचा रुपया हेंच त्या बेटाचें अधिकृत चलन झालें, आणि तें नांव पुढें कायम राहिलें.

आतां त्या भाज्यांकडे वळण्यापूर्वीं बेटाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. या बेटावर मूळचे रहिवासी कोणी नव्हतेच. १५९८ सालीं डच आले. मॉरिस या आपल्या राजपुत्राचें नांव त्यांनीं बेटास दिलें. १६३९ त त्यांनीं जावाहून ऊंस आणून लावला. डोडो नांवाचा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळांत नामशेष होत गेला. १७१० त डच निघून गेले, १७१५ त फ्रेंचांनीं बेट घेतलें, आणि १७३५ त आलेल्या ला बूर्दोने या गव्हर्नरानें पोर्ट लुई बंदर नांवारूपास आणलें. मळ्यांवर राबावयास मादागास्कर व आफ्रिकेचा किनारा येथून गुलाम आणले, आणि त्यांच्या पोटास स्वस्तांत कांहीं घालावें म्हणून याच गव्हर्नरानें ब्राझीलमधील मनिऑक कंदाची लागवड करविली. पुढें प्वाव्र नांवाच्या कारभाऱ्यानें डचांच्या मोलुक्का बेटांतून जायफळ व लवंग यांचीं रोपें चोरून आणविलीं. तीं १७७० त येथें पोंचलीं. प्वाव्र या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळीं मिरें. नांवाला जागणारा गृहस्थ म्हणावयाचा. १८१० च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं बेट जिंकलें. १८२५ त मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीस आणली गेली आणि बेटभर ऊंस पसरला. १८३५ त गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. मग ऊंस तोडावा कोणी? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे हिंदी मजूर. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अ‍ॅटलास' जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. त्यांच्या पाठोपाठ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसें कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून त्या बेटावर आलीं. मुंबईकडून गेलेलीं त्यांत सर्वांत थोडीं.

हा सर्व इतिहास मला ठाऊक होता. पुस्तकांत तो आहेच. मंडईंत त्याला आवाज फुटला, एवढेंच.

यजमानांची पत्नी पुढें चालल्या होत्या. मी त्यांच्या मागून प्रत्येक भाजीचें नांव विचारीत होतों. पालेभाजीस तेथें सरसकट 'ब्रेद' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज खलाशांचा. कारल्यास 'मार्गोज', तोहि पोर्तुगीज, अर्थ कडू. फणसास 'झाक', तो मूळ मलबारी चक्का, पोर्तुगीजांच्या तोंडून फ्रेंचांकडे गेलेला. कोथिंबिरीस 'कोतोमिली', कढीलिंबास 'कारीपुले', शेवग्याच्या पाल्यास 'ब्रेद मुरूम', दोडक्यास 'पिपंगाय'. तमिळ जाणणारास ही ओळख तत्काळ पटेल: कोत्तमल्ली, करिवेप्पिलै, मुरुंगै, पीर्क्कंगाय. आतां विचार करा. बिहारी मजुरांची संख्या सर्वांत मोठी असतां भाज्यांचीं हीं नांवें तमिळ कां? फ्रेंचांच्या काळांतच पाँडिचेरीकडील गवंडी, सुतार व इतर कारागीर पोर्ट लुईस आणले गेले होते. बिहारी येण्यापूर्वीं शंभर वर्षें त्यांच्या बायकांनीं येथें फोडणी दिली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. जो प्रथम लावतो व विकतो, त्याचा शब्द टिकतो.

वांग्याची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. वांग्यास तेथें 'ब्रेंझेल' म्हणतात. शब्द फ्रेंच दिसतो. तो आला पोर्तुगीजांतून, पोर्तुगीजांत अरबींतून, अरबींत फारशींतून, आणि फारशींत आपल्याकडून. आपलें वांगें व हिंदीचें बैंगन ज्या जुन्या शब्दापासून झालें, त्याच्याच कुळांतला हा. तात्पर्य, रत्नागिरीचा मजूर १८५० नंतर जहाजांतून उतरला आणि बाजारांत एका परक्या नांवाची भाजी पाहून थबकला असेल, तर ती त्याचीच भाजी होती आणि नांवहि त्याचेंच होतें. फक्त अर्धें जग फिरून तें त्याच्या आधीं येऊन बसलें होतें.

दुपारच्या सुमारास आम्ही बाहेरच्या बाजूस एका गाडीपाशीं उभे राहून दालपुरी खाल्ली. उकडून वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचें हळदजिरें घातलेलें पुरण भरून लाटलेली ही पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची जणूं तिखटमिठाची बहीण. ती जोडीनें विकतात. वर पावट्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि 'सातिनी', म्हणजे चटणी. मूळ पदार्थ बिहारकडचा. परंतु गिऱ्हाइकांच्या रांगेंत हिंदु होते, मुसलमान होते, चिनी होते, गुलामांचे वंशज असलेले ख्रिस्ती क्रिओलहि होते.

तेथून थोडें चाललें म्हणजे आप्रवासी घाट लागतो. पूर्वीं त्यास कुली घाट म्हणत. २००६ सालीं तो जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. जहाजांतून उतरलेला प्रत्येक मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून डेपोंत गेला, त्या पायऱ्या तेथें जपून ठेवल्या आहेत. पहिल्या मजुरांचा करार पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये, आणि वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. एक दिवस काम चुकलें तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. घाटावर उभे असतां यजमान मला म्हणाले, "गुरुजी, येथें येणारे पाहुणे या पायऱ्या पाहून हळहळतात आणि परत जातात. माझी आई म्हणते, पायऱ्या चढून आले हें खरें, पण पुढें काय केलें तें मंडईंत बघा."

आजींचें म्हणणें इतिहासास धरून आहे. करार संपलेल्या मजुरास तेथें 'जुना आप्रवासी' म्हणत. त्यानें पुन्हा मळ्यावर करार करावा, ही मळेवाल्यांची इच्छा. त्यानें ती मानली नाहीं तर त्याला दुसरा धंदा हवा. असा धंदा एकच हाताशीं होता: जमिनीचा एखादा तुकडा खंडानें घेऊन भाजी लावावयाची, डोक्यावर टोपली घ्यावयाची आणि दारोदार किंवा मंडईंत विकावयाची. हीच त्याची मुक्ततेची वाट. म्हणूनच १८६७ च्या कायद्यानें नेमका तिच्यावर घाव घातला. प्रत्येक जुन्या आप्रवाशाजवळ त्याच्या छायाचित्राचें तिकीट आणि पोलिसांचा परवाना पाहिजे. तो परवाना एका जिल्ह्यापुरता. भाजीची टोपली घेऊन माणूस जिल्ह्याची हद्द ओलांडून गेला, किंवा तिकीट घरीं विसरला, कीं भटक्या म्हणून त्यास पकडावें. या जुलमाविरुद्ध १८७१ सालीं आदॉल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थानें अर्ज तयार केला. त्यावर नऊ हजारांहून अधिक जुन्या आप्रवाशांनीं सह्या व निशाण्या केल्या. त्यापायीं त्या भल्या माणसास पोर्ट लुईंत मारहाण सोसावी लागली. पण १८७२ त रॉयल कमिशन आलें, १८७५ त त्याचा अहवाल निघाला, आणि १८७८ त कायदा सुधारला गेला. पुढें १८८० च्या सुमारास मळेवाले अडचणींत येऊन जमिनींचे तुकडे विकूं लागले, तेव्हां ते तुकडे विकत घेण्यास ज्यांच्या गांठीं पैसा होता, त्यांत या टोपलीवाल्यांचाहि वांटा होता. त्यांच्याच मुलानातवांचा देश १२ मार्च १९६८ रोजीं स्वतंत्र झाला.

या टोपल्यांचें मोल दुसऱ्या महायुद्धांतहि दिसून आलें. साखरेच्या लोभानें साऱ्या बेटानें तांदूळ बाहेरून आणण्याची संवय लावून घेतली होती. १९४२ त ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडतांच तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि लोकांस मका व मनिऑक खाऊन दिवस काढावे लागले. उंसाच्या जमिनींत अन्नधान्य लावण्याची सक्ति सरकारास करावी लागली.

आम्ही पुन्हा मंडईंत आलों तेव्हां आजी एका भाजीवालीपुढें बसल्या होत्या. भाजीवालीचें घराणें बिहारकडचें. पुढें अळूच्या जुड्या. तेथें अळूस 'सोंज' म्हणतात. आजींनीं एक पान उलटें केलें, देठ पाहिला, नखानें दाबला, क्रिओलमध्यें कांहीं घासाघीस केली, आणि जुडी पिशवींत टाकतां टाकतां सुनेस म्हणाल्या, "फतफतें."

मीं चमकून विचारलें, "काय म्हणालांत, आजी?"

"फतफतें," त्या पुन्हा म्हणाल्या. मग मुलाच्या तोंडून मला कळविलें कीं, यांत चिंच घालावी लागते, नाहींतर घसा खाजतो.

यजमानांकडे पाहून मीं म्हटलें, "अहो, अळूच्या पातळ भाजीला आमच्या घरींहि हाच शब्द आहे."

ते क्षणभर स्तब्ध राहिले. नंतर म्हणाले, "गुरुजी, मी वीस वर्षें मराठी शिकवितों. हा शब्द मला एकाहि पाठ्यपुस्तकांत भेटला नाहीं. आम्हांस वाटे, आईचा हा घरगुती बोबडा बोल असावा. हा मराठी शब्द आहे हें मला आज कळतें आहे."

श्रोते हो, त्या वेळीं माझ्या मनास जो मोह पडला तो मी आपणांपासून लपवीत नाहीं. घरीं परतल्यावर तो कागद पुन्हा पुढें यावयाचा होता. एखादें गांव ठासून सांगितलें असतें तर त्या वृद्ध बाईस केवढें समाधान झालें असतें! माझा शब्द पडताळून पाहणारें तेथें कोणी नव्हतें. फतफतें हा पुरावा म्हणून पुढें करतां आला असता. पण हा शब्द कोंकणांत आहे तसा घाटावरहि आहे. त्यावरून गांव ठरत नाहीं. गणेशोत्सवांत तेथील मराठी लोक जाखडी नाचतात. त्यावरून कोंकण ठरतें. पण कोंकण तर कागदावरहि होतेंच. जन्मभर मुलांस सांगितलें कीं, इतिहासांत जेथें पुरावा संपतो तेथें आपलें बोलणें थांबलें पाहिजे. आणि परीक्षेची वेळ आली तेव्हां ती माझीच आली.

रात्रीं जेवणांत अळूचें फतफतें होतें. शेंगदाणे नव्हते, मुळा नव्हता. तरी चिंचेची चव आमच्या घरची. हात धुऊन झाल्यावर मीं कागद मागून घेतला आणि सरळ सांगितलें, "आजी, जिल्हा रत्नागिरी हें निश्चित. गांवाचें नांव 'कोंड' या अक्षरांनीं सुरू होतें, हेंहि निश्चित. त्यापुढचें मला वाचतां येत नाहीं. तीन गांवें माझ्या माहितींत आहेत, आणखीहि असतील. त्यांतलें एक मीं निवडलें तर तें खोटें होईल."

यजमानांनीं तें आईस समजावून सांगितलें. आजी बराच वेळ गप्प होत्या. त्यांचा हिरमोड झाला हें उघड दिसत होतें, आणि तो मलाहि लागला. मग त्यांनीं एकच प्रश्न केला: "त्या गांवांत अळू होतें का?"

"होतें," मीं सांगितलें. "कोंकणांत असें गांव नाहीं कीं, जेथें विहिरीच्या पाटाला अळू नाहीं."

"बरें," त्या म्हणाल्या, आणि उठून आंत गेल्या.

दुसऱ्या दिवशीं यजमानांनीं एक वही आणली व मला आग्रह केला कीं, आई बोलते त्या साऱ्या शब्दांपैकीं मराठी कोणते तें मीं लिहून द्यावें. आम्ही दोन सकाळ बसलों. आजी स्वयंपाकाच्या वस्तूंचीं नांवें सांगत, मी खूण करीत असें. कांहीं शब्द भोजपुरी निघाले, कांहीं तमिळ, कांहीं फ्रेंच; जे आपले ठरले ते वहींत उतरले. ज्या कागदानें उंची व व्रण यांची नोंद ठेवली, त्याला हे शब्द ठाऊक नव्हते. आणि हे शब्द ज्यांनीं जपले, त्यांना गांवाचें नांव ठाऊक नव्हतें. दोन्ही पुरावे अपुरेच. पण एकमेकांशेजारीं ठेवले म्हणजे त्या माणसाची थोडी ओळख पटते.

शेवटीं एक विनंति. कोंकणांतील व घाटावरील जुन्या घरांत वंशावळी असतात. त्यांत एखाद्या नांवापुढें 'परागंदा' एवढाच शब्द लिहून रेघ ओढलेली असते. ती रेघ कदाचित् मुंबईच्या धक्क्यावर संपली नसेल. आपल्या घरीं असें नांव असल्यास तें गांवासह, तालुक्यासह, स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावें. समुद्रापलीकडे कोणीतरी अर्ध्या पुसलेल्या अक्षरांचा कागद घेऊन त्या नांवाची वाट पाहत असेल.